थंडोबाची तक्रार

त्याला सगळे थंडोबा म्हणत. हे नाव ज्याने ठेवलं त्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. माणूस कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला, अर्धं आयुष्य उणे वीसच्या खोलीत गेलेलं, आणि त्यातून स्वभाव असा की घराला आग लागली म्हणून कुणी सांगत आलं, तर हा आधी चपला शोधेल आणि मग विचारेल, कोणत्या बाजूने लागली. एकदा नव्या कॅशियरने त्याचं खरं नाव मोठ्याने पुकारलं, तेव्हा रांगेतल्या कुणालाच हा कोण ते कळेना, आणि खुद्द थंडोबाही मागे वळून बघू लागला.

काम सांगायला सोपं होतं. गोठवलेला मटार, मासळी, आइस्क्रीम यांची खोकी ट्रकमधून उतरवायची, आत नेऊन रचायची आणि मागणी आली की काढून द्यायची. करायला मात्र अंगावर जाड कोट, कानटोपी आणि हातमोज्यांवर हातमोजे चढवावे लागत. दाराला टांगलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या सारून आत पाऊल टाकलं की नाकातला ओलावा कडक व्हायचा आणि मिशी पांढरी पडायची. आत पंख्यांची घरघर सोडली तर दुसरा आवाज नाही. कुणी कुणाशी बोलत नसे, कारण बोलायचं तर तोंडावरचा रुमाल खाली ओढावा लागतो, आणि तेवढं महत्त्वाचं कुणाकडे काही नसतं. थंडोबाला हे मानवलं होतं. बोलणं हे काम आपलं नव्हे, असं त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

घरी ते खातं बायकोकडे होतं. शेजाऱ्यांशी, दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, अगदी वीज गेली तर वीज कंपनीशीही तीच बोलायची. एकुलती एक लेक शिकून दूरदेशी गेली, तेव्हा दर रविवारी तिचा फोन यायचा तोही आईलाच. मायलेकी तासभर बोलायच्या. लेक तिकडच्या मैत्रिणींचं, सहलींचं, कुणाच्या तरी वाढदिवसाचं सांगायची आणि आई हसून हसून पदराने डोळे पुसायची. थंडोबा बाजूच्या खुर्चीत बसून सगळं ऐकायचा. शेवटी बायको फोन त्याच्या हातात द्यायची, "घ्या, बोला तुमच्या लेकीशी." मग "बरी आहेस ना?" "हो बाबा. तुम्ही?" "मी बरा." एवढं झालं की तो फोन परत करायचा. त्यांचं बोलणं पुढे चालू व्हायचं आणि आपण आपलं काम नीट पार पाडलं अशा समाधानाने थंडोबा पेपर उघडायचा.

बायको गेली आणि तो अख्खा फोन त्याच्या अंगावर येऊन पडला. लेक रविवारी फोन करायची. जेवलात का, जेवलो. तब्येत कशी आहे, बरी आहे. मग दोघंही गप्प. त्या गप्प राहण्यात बायकोची खुर्ची, तिचा चष्मा, तिचं हसणं असं सगळं घरभर जाणवायला लागायचं. "बरं बाबा, ठेवते," असं लेक म्हणायची तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचं थंडोबाला पुढे आठवडाभर वाईट वाटत राहायचं. हळूहळू दर रविवारचा फोन एक रविवार आड येऊ लागला, आणि मग आठवण होईल तेव्हा.

गेल्या भेटीत लेकीने त्याला नवा स्मार्टफोन घेऊन दिला होता. बिल तिच्या नावाने, वॉरंटीही वाढवून घेतलेली. "हा नीट सांभाळा बाबा," एवढंच ती म्हणाली होती. थंडोबाने तो खरंच डोळ्यांत तेल घालून सांभाळला. काचेवर ओरखडा म्हणून नव्हता.

आता या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. आतली वस्तू उघडी बाहेर आणायची नाही. चष्मा असो, घड्याळ असो की फोन, आत गार पडलेली वस्तू बाहेरच्या उकाड्यात नेली की हवेतली ओल तिच्यावर धरते, आणि नुसती वरून नाही, आतूनही. म्हणून आत असतानाच ती प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, हवा दाबून काढायची, तोंड बंद करायचं आणि बाहेर पडताना मधल्या खोलीतल्या फळीवर ठेवून द्यायची. घाम पिशवीला सुटतो, वस्तू कोरडी राहते. पिशवी वाळली की मगच उघडायची. नव्या पोरांना दम निघत नाही, पिशवी बाहेर आली न आली की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. अशांच्या मनगटावर थंडोबा चापट मारायचा. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा माणूस या एका बाबतीत कडक होता.

पूर्वी फोन आत नेण्याची गरजच नव्हती. पण नव्या सुपरवायझरने रचलेल्या मालाच्या लेबलांचे फोटो काढून पाठवायचं फर्मान काढलं, आणि सगळ्यांचे फोन आत जाऊ लागले. त्या दुपारी थंडोबाने फोटो काढले, फोन रीतसर पिशवीत घातला, मधल्या खोलीत येऊन फळीवर ठेवला आणि कोटाची चेन खाली ओढली. तेवढ्यात पिशवीत उजेड पडला आणि फोन दबक्या आवाजात वाजायला लागला. पडद्यावर अक्षरं होती, 'लेक'.

तो रविवार नव्हता. आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी लेकीचा फोन, म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पिशवी वाळेपर्यंत थांबून आपण परत फोन लावू शकलो असतो, हे त्याला नंतर शंभरदा सुचलं. तेव्हा सुचलं नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनगटांवर चापट्या मारल्या, त्याने पिशवी दातांनी फाडली आणि बर्फासारखा फोन कानाला लावला. आवाज तुटत होता म्हणून तो तसाच बाहेर उन्हात, ट्रक उभे राहतात त्या आवारात गेला. काचेवर धुकं धरलं होतं, ते त्याने बाहीने पुसलं.

"बाबा, ऐका ना, मला एक..." इतकं ऐकू आलं. मग पडद्यावर हिरवट रेघा आल्या, आणि मग काहीच नाही.

सुट्टीच्या दिवशी तो फोन घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. काचेचं दार, टोकनचं यंत्र, एकमेकांना जखडलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर आपापले मुके फोन मांडीवर घेऊन बसलेली माणसं. काउंटरवर एक बाई होती. चष्मा केसांत खोचलेला, बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली. फोन घेणं, मागच्या टेबलावर तो उघडून बघणं आणि गिऱ्हाइकाला काय ते सांगणं, हे सगळं तीच करायची. थंडोबा उभाच आहे हे बघून तिने आतून एक खुर्ची आणून दिली. फोन उलटसुलट बघितला आणि नोंद केली, बाहेरून कोरडा, तडा नाही.

पुढच्या खेपेला तिने त्याला संगणकावर फोटो दाखवला. "काका, पाणी गेलंय आत. ही बारीक पट्टी असते ना, ती पांढरी असते. ओल लागली की लाल होते. ही बघा."

पट्टी लालभडक होती.

"पाण्यात पडला नाही तो," थंडोबा म्हणाला.

"पडला नसेल हो. पण पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी काय करू?"

"पाण्यात पडला नाही," तो परत म्हणाला.

हे अक्षरशः खरं होतं. आणि पट्टी लाल कशी झाली हे त्या काउंटरवरच्या बाईपेक्षा, तिच्या साहेबापेक्षा, फोन बनवणाऱ्या कंपनीपेक्षाही थंडोबाला जास्त ठाऊक होतं. पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची त्याला मुळात सवयच नव्हती. तो मूग गिळून घरी आला. चूक आपली आहे, फोन गेला, विषय संपला, असं त्याने मनाशी धरलंही होतं.

पण फोन लेकीच्या नावाने होता, त्यामुळे नकाराचा मेल तिला गेला. कारण म्हणून लिहिलं होतं, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. आणि लेक विमा कंपनीत होती. लोकांनी केलेले दावे तपासून त्यांतले निम्मे फेटाळणं हाच तिचा धंदा. कुणी आपल्याच बापाचा दावा फेटाळावा म्हणजे काय, असं तिचं झालं. तिने कोल्ड स्टोरेजचा नंबर शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवरचा फोन वाजला.

गेटवर वॉचमनची केबिन होती. वॉचमन म्हणजे बोलायला बसला तर ट्रक फाटकाबाहेर ताटकळत राहायचे असा गडी. त्याने खिडकीतून रिसीव्हर बाहेर काढला आणि हाक मारली, "थंडोबा, परदेशातून बोलावणं आलंय." वायर तोकडी होती. थंडोबाला अर्धं अंग खिडकीत घालून बोलावं लागलं.

"बाबा, त्या दिवशी मधेच बंद पडला तुमचा फोन. रात्री जागून इथला एक अर्ज भरत होते, त्याला आईच्या जन्मतारखेचा दाखला हवा होता."

"एवढंच होतं?"

"एवढंच म्हणजे?"

"काही नाही. आहे दाखला. पाठवतो."

भर दुपारी फोन आला म्हणजे तिला आपली आठवण आली असेल, किंवा तिला काही झालं असेल आणि तिने आपल्याला हाक मारली असेल, असं त्याने इतके दिवस मनात कुठेतरी धरून ठेवलं होतं. कागद हवा होता.

"ते राहू दे," लेक म्हणाली. "हे निष्काळजीपणा काय लिहिलंय? पाण्यात पडला होता का फोन?"

"नाही."

"पावसात भिजला? नळाखाली वगैरे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी बघते त्यांच्याकडे. पहिल्या पत्रात नकारच द्यायचा असतो, बाबा. आम्हीही तेच करतो. माणूस थकतो आणि सोडून देतो. आपण सोडायचं नाही."

आपण, असं ती म्हणाली. थंडोबाने त्याच वेळी खरं काय ते सांगून टाकायला हवं होतं. पिशवी, ऊन, धुकं, दोन वाक्यांचं काम होतं. पण तिच्या आवाजात एक धार आली होती, आणि ती धार त्याच्या बाजूने होती. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "बरं."

तेव्हापासून ती रोज फोन करू लागली. इकडे त्याची पाळी सुटायची तेव्हा तिकडे सकाळ असायची. कामावर निघण्याआधी ती गेटवर फोन लावायची आणि कालच्या मेलला काय उत्तर आलं, त्यावर आपण काय लिहिलं, उद्या काउंटरवर जाऊन काय विचारायचं, हे सगळं सांगायची. लिहून घेतलंत का, असं दरडावायचीही. थंडोबा तळहातावर पेनाने लिहून घ्यायचा. मधेमधे तिच्याकडे किटली शिट्टी मारायची, टोस्ट चावल्याचा आवाज यायचा. तिच्या खिडकीला फट आहे आणि तिथून वारं येतं हे त्याला कळलं. मग फटीत काय कोंबायचं, यावर तो तिच्याशी चक्क पाच वाक्यं बोलला. थंडी बाहेर कशी ठेवायची एवढं तरी आपल्याला येतं, असं त्याला वाटलं. एकदा कंपनीच्या मेलमधलं वाक्य वाचून दाखवताना ती त्या साहेबांच्या थाटात बोलली आणि थंडोबा हसला. वॉचमनने रेडिओ बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

"काय हो, कशावर एवढं चाललंय रोज?"

"फोनची तक्रार."

"एका फोनसाठी? मला तर यात कुठेतरी पाणी मुरताना दिसतंय," वॉचमन म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूश झाला. थंडोबाने तिथून काढता पाय घेतला.

एक दिवस लेक म्हणाली, "तोपर्यंत एखादा साधा फोन घ्या ना बाबा. किती दिवस असे गेटवर उभे राहणार?"

"होईलच की हे काम. कशाला दुसरा."

इतके दिवस तो नुसता गप्प होता. आता मात्र तो सरळसरळ लबाडी करत होता, आणि ती आपल्याला इतकी सहज जमते याचं त्याला आश्चर्य वाटलं. रात्री जेवताना ताटासमोर बसून तो स्वतःशी म्हणायचा, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पाळी सुटली की कोट अर्धवट काढलेला असतानाच तो गेटकडे चालू लागायचा, आणि रिसीव्हर कानाला लावल्यावर सगळं राहून जायचं. असा फोन त्याला आयुष्यात कुणी केला नव्हता. त्याच्या नावाने, त्याच्याशी बोलायला.

मग कंपनीने पाठवलेल्या कागदांत लेकीला ती नोंद सापडली. फोन जमा करताना 'बाहेरून कोरडा' असं लिहिलेलं, आणि लाल पट्टीचा फोटो त्यानंतर दोन दिवसांनी काढलेला. "म्हणजे मधले दोन दिवस फोन त्यांच्या टेबलावर उघडा पडला होता," ती म्हणाली. तिचा आवाज आनंदाने थरथरत होता. "पाणी तुमच्याकडे गेलं नाही, बाबा. त्यांच्याकडे गेलं. आता बघाच." तिने तसं थेट वरच्या ऑफिसला लिहिलं. तिथून उत्तर आलं की प्रकरणाची चौकशी होईल, माणूस येईल.

तळहातावर लिहून घेतलेला प्रश्न घेऊन थंडोबा काउंटरवर गेला, तर बाईने त्याला खुर्ची दिली नाही. टोकन हातात घेऊन ती म्हणाली, "काका, फोन मी उघडला होता. टेबल माझं आहे. मला विचारतायत, पाणी कुठून आलं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? माझ्याकडे पाणी नव्हतं गेलं. पण कोरडा असंही मीच लिहिलंय ना. पुढच्या महिन्यात माझी कंत्राटाची ऑर्डर संपते, ती वाढवतील की नाही, देव जाणे." ती हे रडून सांगत नव्हती. बोटाची चिकटपट्टी सोडून परत गुंडाळत सांगत होती. "तुमची मुलगी हुशार आहे हं," ती शेवटी म्हणाली आणि पुढचं टोकन पुकारलं.

थंडोबाला त्या संध्याकाळी लेकीशी बोलताना काही सुचलं नाही. ती चौकशीच्या दिवशी काय बोलायचं ते समजावून सांगत होती आणि तो हो हो म्हणत होता. रोजचा फोन हवा तर बाईची नोकरी जाते, आणि ती वाचवायची तर फोन संपतो. असा तराजू त्याच्या पुढ्यात आला होता आणि तो त्याने स्वतःच, एक शब्दही न बोलता, तयार केला होता.

चौकशीला वरच्या ऑफिसातून एक माणूस आला. टाय, लॅपटॉप, मऊ बोलणं. मागच्या खोलीत टेबलाभोवती तो, थंडोबा आणि काउंटरवरची बाई असे बसले, आणि मधोमध ठेवलेल्या फोनच्या स्पीकरवर लेक. लेक सुरेख बोलली. आवाज न चढवता, एकेक तारीख सांगत तिने त्या माणसाला असं कोंडीत धरलं की थंडोबाला नकळत अभिमान वाटला. ही आपल्या पोटची, आणि हिला एवढं बोलता येतं.

"मॅडमचं म्हणणं बरोबर दिसतंय," टायवाला म्हणाला. मग बाईकडे वळला. "तुमच्या टेबलावर पाण्याची बाटली असते?"

"असते. झाकण लावलेली."

"नेहमीच लावलेली?"

बाईचा हात बोटाच्या चिकटपट्टीकडे गेला. टायवाल्याने काहीतरी टाइप केलं. थंडोबा तिच्याकडे बघत होता, ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. तिने एकदा जरी आपल्यावर डोळे वटारले असते तर गप्प बसणं सोपं गेलं असतं, असं त्याला वाटलं. ती नुसती आपल्या हातांकडे बघत होती.

"बाटलीतलं पाणी नाही ते," थंडोबा म्हणाला. "यांच्याकडे काही झालं नाही. फोन माझ्याकडेच खराब झाला."

आणि मग त्याने सांगितलं. उणे वीसची खोली, पिशवी, मधली फळी, ऊन. कुणालाही घालूनपाडून न बोलता, जसं नव्या पोरांना समजावतो तसं. आयुष्यात इतकं सलग तो बहुधा पहिल्यांदाच बोलला असेल. टायवाला टाइप करायचा थांबला.

"बाबा," स्पीकरमधून आवाज आला. "हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग पिशवी का उघडलीत?"

"तुझा फोन होता."

"आणि मला का नाही सांगितलंत? मी रोज कामावर उशिरा जात होते. लोकांशी भांडत होते. मला तोंडघशी पाडलंत तुम्ही."

परक्या माणसांसमोर, बंद पडलेल्या फोनच्या टेबलाशी बसून, थंडोबाने जे घरी एकट्यालाही मोठ्याने म्हणता आलं नसतं ते सांगून टाकलं. "सांगितलं असतं तर विषय संपला असता. तू रोज फोन करत होतीस. मला ते फार बरं वाटत होतं."

टायवाला खिडकीबाहेर बघू लागला. मग तो म्हणाला, "मॅडम, लाइनवर आहात ना?"

"आहे. तक्रार मागे घेते मी. त्या बाईंबद्दल काही लिहू नका." ती तिच्या ऑफिसच्या आवाजात बोलली आणि फोन ठेवला.

बाईने थंडोबाचा फोन एका पाकिटात घालून त्याला दिला. आभार वगैरे तिने मानले नाहीत. "काका, हे आधी बोलला असतात तर मला झोप तरी लागली असती," एवढंच म्हणाली, आणि तिचं रास्तच होतं. थंडोबाने मान हलवली. दारापर्यंत जाऊन तो परत आला, आणि "चुकलं माझं," असं म्हणाला. तोवर ती दुसऱ्या कुणाचा फोन उघडायला बसली होती. तिने ऐकलं की नाही ते त्याला कळलं नाही.

त्यानंतर गेटवर फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, रविवार आला आणि गेला. पाळी सुटली की थंडोबा केबिनजवळ येऊन उभा राहायचा, बुटांच्या नाड्या सोडून परत बांधायचा, एखाद्या ट्रकचा नंबर वाचायचा. पहिले काही दिवस वॉचमनने चेष्टा केली, "काय, परदेशाने संबंध तोडले का?" मग त्याने चेष्टा करणं सोडलं आणि स्टूल बाहेर आणून ठेवलं, आणि ते जास्त लागलं. एखादा साधा फोन घेणं आता काही अवघड नव्हतं. पण तो घेतला आणि वाजला नाही, तर ते न वाजणं आपल्याच खिशात घेऊन फिरावं लागेल. इथे निदान असं म्हणता येत होतं की दिवसभर ट्रकवाल्यांचे फोन चालू असतात, लाइन मिळाली नसेल. घरी दोन खुर्च्या होत्या. तो हल्ली बायकोच्या खुर्चीत बसून जेवायचा, म्हणजे समोर रिकामी दिसते ती आपलीच.

आणि एका संध्याकाळी वॉचमनने रिसीव्हर बाहेर काढला. हाक न मारता, नुसता पुढे धरला.

"काय गं, काही काम होतं?" थंडोबाने विचारलं. दुसरं काय विचारायचं त्याला सुचलं नाही.

"काम नाही काही."

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रागावली आहेस?"

"होते. खूप. मी स्वतः असे खोटे दावे पकडते, बाबा, आणि माझ्याच घरातला मला कळला नाही." तिने श्वास घेतला. "पण सकाळी उठलं की तुमच्या त्या कंपनीशी भांडायचं असायचं. आता उठते ती नुसतीच उठते. इथे सकाळी बोलायला कुणी नसतं. संध्याकाळीही नसतं."

"तुझ्या मैत्रिणी आहेत ना? त्या सहलीला..."

"आईला सांगायचे ते? ते काही खरं नव्हतं फारसं. तिला हसायला आवडायचं म्हणून सांगायचे."

थंडोबाने खिडकीची चौकट घट्ट धरली. बाजूच्या खुर्चीत बसून त्याने ते सगळं ऐकलं होतं, वर्षानुवर्षं, दर रविवारी, आणि पेपर उघडला होता. अशा वेळी काय बोलतात ते बायकोला माहीत असायचं. त्याला माहीत नव्हतं, आणि ते विचारायलाही घरात कुणी उरलं नव्हतं.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. समोर काय दिसतंय ते सांगा."

थंडोबाने वळून बघितलं. "एक ट्रक आलाय. मासळीचा. ड्रायव्हर आत झोपलाय, पाय खिडकीतून बाहेर काढून."

"मग?"

"एका पायात मोजा आहे. दुसऱ्यात नाही."

"मग?"

"आता त्याला उठवायला सुपरवायझर आलाय. पाय हलवतोय. ड्रायव्हरने पाय आत घेतले आणि परत झोपला."

पलीकडे ती हसली की तिने नाक ओढलं, ते त्याला नीट कळलं नाही. "मग? दुसरा ट्रक?"

वायर पुरेल तेवढं वाकून थंडोबाने फाटकाबाहेर बघितलं. रस्ता दूरपर्यंत मोकळा होता.

"येतोय," तो म्हणाला.